हॉलभर ऐकू येणारा फोन

पत्र : आमची फर्म कास्टिंगचे भाग मशीनिंग करून घेऊन पुढे पुरवते. वर्षभरापूर्वी शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या खोल्या सोडून राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आलो. एकच हॉल आहे, ४६ बाय २८ फूट, उंची साडेदहा फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर साधा स्लॅब, रस्त्याच्या अंगाला सगळी काच. जिना आणि दारही त्याच अंगाला. माणसं २४ : डिझाइनची ८ मुलं उजेडासाठी खिडकीशी, मधोमध फाउंड्री आणि मशीनशॉपचा फोनवरून पाठपुरावा करणारे ७ जण, मागे अकाउंट्स-कोटेशनचे ६, ऑफिस-स्टोअरला २, आणि साहेब आतल्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये. डिझाइनवाले म्हणतात, डोकं चालत नाही. पाठपुराव्याचे म्हणतात, मग आम्ही फोन करायचेच नाहीत का? ड्रॉइंग दुरुस्तीला परत येण्याचं प्रमाण वाढलंय. ‘हळू बोला’ अशी पाटी लावली, तिचा परिणाम आठवडाभरही टिकला नाही. एक कंत्राटदार म्हणतो, चारही भिंतींना थर्माकोल आणि फोम लावून हॉल ‘साउंडप्रूफ’ करतो आणि खिडक्यांना डबल काच बसवतो. साहेबांना हॉल मोकळाच हवा आहे. दोन लाखांपर्यंत खर्च करायला ते तयार आहेत. गणपतीच्या दिवसांत तर कामच होत नाही, तो प्रश्न वेगळाच. काय करावं?
– ऑफिस सांभाळणारी, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, कंत्राटदाराला आधी थांबवा. थर्माकोलची छिद्रं बंद असतात. आवाज त्यात शिरतच नाही, त्यामुळे शोषलाही जात नाही. सोफ्याचा किंवा पॅकिंगचा साधा फोम थोडाफार आवाज शोषतो, पण पेटला तर भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. दुसऱ्या मजल्यावर, एका जिन्याच्या ऑफिसात तो भिंतभर लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शिवाय ‘साउंडप्रूफ’ म्हणजे बाहेरचा आवाज आत किंवा आतला बाहेर जाऊ न देणं. तुमच्याकडे बोलणारा आणि वैतागणारा, दोघेही एकाच खोलीत बसलेत. डबल काचेचं पुढे सांगतो, तिने तर तुमचा त्रास वाढेल.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या हॉलमध्ये डेसिबलपेक्षा शब्दांचा त्रास जास्त आहे. एसीची घरघर डिझाइनरला तासाभरात जाणवेनाशी होते. ‘अरे, डिस्पॅच कधी करताय ते सांगा की’ हे वाक्य मात्र वीस फुटांवरूनही डोक्यात घुसतं. आकडे, क्रम, टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त) डोक्यात धरून ठेवायचं काम चालू असताना कानावर पडणारं बोलणं ते विस्कटून टाकतं, यावर १९७० च्या दशकापासून प्रयोग झाले आहेत. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : बोलणाऱ्याने आवाज थोडा लहान-मोठा केल्याने फारसा फरक पडत नाही. बोलण्याचे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात की एकमेकांत मिसळून जातात, त्याने पडतो. तुमची पाटी का टिकली नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. टिकली असती तरी फार उपयोग झाला नसता. त्यात फोनचं बोलणं सगळ्यात वाईट. दोन माणसं समोरासमोर बोलत असली तर पुढे काय येणार याचा अंदाज कानाला बांधता येतो. एकच बाजू ऐकू आली की राहिलेली बाजू मेंदू आपोआप भरायला जातो. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१० च्या प्रयोगात, लक्ष देऊन करायच्या कामात अर्धवट ऐकू येणाऱ्या संभाषणाने पूर्ण संभाषणापेक्षा जास्त चुका झाल्या. आणि तुमच्याकडे सात फोन हॉलच्या मधोमध आहेत.

मोकळ्या ऑफिसची ध्वनी-मोजणी आयएसओ ३३८२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे करतात. त्यातली कामाची कल्पना एकच : बोलणाऱ्यापासून किती अंतरावर गेल्यावर शब्द पुरेसे अस्पष्ट होतात? चांगल्या ऑफिसात हे अंतर ५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६ फूट असावं. वाईट ऑफिसात ते १० मीटरच्याही पुढे जातं, म्हणजे तुमचा जवळजवळ अख्खा हॉल.

तुमचं अंतर किती आहे ते पैसे न खर्चता काढा. जेवणाच्या सुट्टीत एसी-पंखे रोजच्यासारखे चालू ठेवून पाठपुराव्याच्या एका टेबलाशी एकाला बसवा. त्याने शब्दकोशाचं कुठलंही पान उघडून वीस सुटे शब्द, फोनवर बोलतो त्याच आवाजात वाचायचे. दुसऱ्याने ८ फुटांवर, मग १६, २४, ३२ फुटांवर बसून ऐकू आले ते शब्द लिहायचे. दर वेळी नवे पान. गावांची नावं घेऊ नका. ‘गड...’ ऐकलं की कोणीही ‘गडहिंग्लज’ लिहून मोकळा होतो. वीसपैकी दहाच्या खाली शब्द कुठे येतात ते अंतर टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. हे प्रयोगशाळेचं माप नव्हे, पण प्रत्येक बदलानंतर पुन्हा हेच केलंत की पैसे कुठे लागू पडले ते कळेल. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा यात फारसा उपयोग नाही. ते शब्द मोजत नाही, आणि अँड्रॉइड फोनांचे माइक एकमेकांशी जुळतही नाहीत.

पहिला बदल टेबलांचा. दार, जिना, रस्ता, सगळा गोंगाट हॉलच्या एकाच टोकाला आहे, ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. पाठपुराव्याचे सातही जण त्या टोकाला न्या, खिडकीपासून १२-१३ फुटांच्या आत. तोंडं रस्त्याच्या बाजूला, पाठ हॉलकडे. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनांचा उंच पट्टीचा आवाज तोंडासमोर जास्त जातो, डोक्यामागे बराच कमी. नुसती खुर्ची फिरवूनही फरक कळतो. त्यांच्या पाठीमागे फायलींची आणि नमुन्यांची रॅक, निदान ५ फूट उंच, मागून बंद, फायलींनी भरलेली. मग अकाउंट्स आणि स्टोअर. डिझाइन सगळ्यात आत, शेवटच्या १५-१६ फुटांत. म्हणजे जवळात जवळचा फोन आणि जवळात जवळचा डिझाइनर यांच्यात २० फुटांच्या आसपास अंतर पडतं. ‘आम्हाला उजेड पाहिजे’ असं मुलं म्हणतील. कॅडच्या स्क्रीनवर खिडकीची चकाकी येण्यापेक्षा आतली जागा डोळ्यालाही बरी, फक्त प्रत्येक टेबलाला दिवा द्या.

हे करताना एक गोष्ट हमखास विसरते. पाण्याचा कूलर, चहाची किटली ठेवायची जागा, बोटाच्या हजेरीचं मशीन आणि प्रिंटर जुन्या जागीच राहतात, आणि सगळं ऑफिस दिवसातून चार वेळा डिझाइनरच्या खुर्चीमागे गप्पा मारत उभं राहतं. या चारही वस्तू दाराच्या बाजूला न्या. मोठ्या ए-वन कागदावर ड्रॉइंग काढणारा प्लॉटर असेल तर तोही. वायरिंग लांबवायला एका इलेक्ट्रिशियनचा एक दिवस जाईल, तेवढा जाऊ द्या.

पाठपुराव्याचे लोक का ओरडतात, हेही नीट बघायला हवं. कोल्हापूरकराचा आवाज जात्याच मोठा, हे आपण कौतुकाने म्हणतो, पण इथे कारण दुसरं आहे. पलीकडचा माणूस शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला मोल्डिंग लाइनजवळ, नॉकआउटच्या (साचे फोडून कास्टिंग बाहेर काढण्याच्या) दणदणाटात उभा असतो. तो दणदणाट फोनमधून तुमच्या माणसाच्या कानात येतो, आणि कानात गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रान्सच्या एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं, आणि तेव्हापासून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. समज देऊन हे थांबत नाही, कारण ते ठरवून केलेलं नसतं.

उपाय उपकरणाचा आहे. सातही जणांना वायरचे, दोन्ही कानांचे हेडसेट द्या, माइक तोंडापासून दोन बोटांवर येईल असे. घेताना ‘साइडटोन’ आहे का ते विचारा, म्हणजे आपलाच आवाज थोडा आपल्या कानात परत येतो. तो आला की माणूस आपोआप हळू बोलतो. नसला तर दोन्ही कान झाकलेला माणूस उलट जास्तच मोठ्याने बोलतो, बसमध्ये इअरफोन घालून बोलणाऱ्यासारखा. स्वस्तातला हेडसेट घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते. स्पीकरफोन मात्र पूर्ण बंद, व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेजही कानातच ऐकायचे. आणि फाउंड्रीच्या सुपरवायझरशी वेळ ठरवून घ्या. शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत तो शॉपफ्लोअरवरून बाहेर आलेला असतो, तेव्हा चार मिनिटांत होणाऱ्या बोलण्याला एरवी दहा मिनिटं लागतात. नुसती ‘किती नग झाले’ एवढीच चौकशी असेल तर तिला फोनच नको, मेसेज पुरे.

यानंतर छत. तुमचे बरेचसे पैसे इथे जायला हवेत, कारण हॉलचा खरा दोष वर आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तुमच्याकडे टाइल्स, स्लॅब, काच, सनमायका सगळं टणक, त्यामुळे चार-पाच फुटांपलीकडे तो फारसा उतरतच नाही, इकडून तिकडे आदळत राहतो. हिशोब सोपा आहे, हार्वर्डच्या वॉलेस सेबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधून दिलेला : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६ ने गुणा, आणि आतल्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा किती भाग शोषतो ते, सगळ्यांची बेरीज) भागा. उत्तर येतं ते आवाज विरायला लागणारे सेकंद. तुमचा हॉल ३८० घनमीटरचा. टाइल्स, स्लॅब आणि काच पडलेल्या आवाजाचा दोन ते चार टक्के भाग शोषतात. माणसं, खुर्च्या, फायली धरून एकूण शोषण ३० चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे दोन सेकंद! ऑफिसला ०.६ ते ०.८ हवेत. आता अर्ध्या छताला, म्हणजे ६० चौरस मीटरला, नव्वद टक्के शोषणारं काहीतरी लावलं की शोषण ८० वर जातं आणि वेळ पाऊण सेकंदावर येते. डेसिबल-मीटरवर हा फरक चारेक डेसिबलच दिसेल, साहेबांना तो कमी वाटेल. पण आदळणं कमी झालं की अंतराप्रमाणे आवाज उतरायला लागतो, आणि गोंगाट उतरला की सगळेच आवाज उतरवतात, लोंबारचा नियम उलट बाजूने लागू पडतो.

६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६५० चौरस फूट. २ बाय ४ फुटांच्या चौकटी केल्या तर ८० नग. चौकट पाइनच्या दोन इंची पट्टीची, आत ५० मिलिमीटर जाडीचं, ४८ घनतेचं रॉकवूल किंवा ग्लासवूल, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची गादी (घनता म्हणजे घनमीटरला किलो, ही मागून घ्या, नाहीतर पत्र्याखाली घालायचं भुसभुशीत ग्लासवूल माथी मारतात). त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ ग्लास टिश्यू (काचतंतूंचा कागद), म्हणजे तंतू खाली झडत नाहीत, आणि वर कापड. कापड तोंडावर धरून फुंकर मारा. श्वास सहज आरपार गेला तर ते चालेल, रेक्झिनसारखं अडलं तर नको. स्लॅबला चिकटवू नका, मध्ये ४ इंच पोकळी सोडा. मागची पोकळी पुरुषी आवाजाची खालची पट्टी शोषायला मदत करते आणि त्याला जादा खर्च नाही. एक नग साधारण ५ किलोचा होतो. चारही कोपऱ्यांना तार, आणि तार स्लॅबमध्ये लोखंडी अँकर फास्टनर मारून. प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांवर किंवा पीओपीच्या आधारावर टांगलेली चौकट कधीतरी कोणाच्या डोक्यावर येते.

पंख्याभोवती ५ फुटांचा चौकोन मोकळा सोडा, स्मोक डिटेक्टर झाकू नका. पंखे आणि ट्यूबलाइट फार असतील तर याच चौकटी आडव्याऐवजी उभ्या टांगा. दोन्ही बाजू उघड्या राहतात, वारा आणि उजेडही अडत नाही. सगळ्या ८० चा खर्च एकदम झेपला नाही तर ५० करा, सेकंदाच्या आसपास याल. पहिल्या चौकटी डिझाइनच्या आणि पाठपुराव्याच्या डोक्यावर लावा, येण्या-जाण्याची वाट शेवटी. आणखी आठ-दहा पाठपुराव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना, जमिनीपासून अडीच ते साडेसहा फुटांच्या पट्ट्यात. कानाच्या उंचीवर आवाज सगळ्यात जास्त आदळतो.

सुतारकाम नको असेल तर मिनरल फायबर टाइलचं फॉल्स सीलिंग चालेल. त्यात ०.७ च्या वरचा एनआरसी (पडलेल्या आवाजाचा साधारण किती भाग शोषला जातो तो आकडा) मागा आणि दमटपणासाठी आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता) ९५ किंवा ९९ चा शिक्का बघा. आपल्याकडे पावसाळ्यात तीन-चार महिने हवा ओली असते, आणि हलकी टाइल दोन पावसाळ्यांत मध्ये खाली झुकते. साधं जिप्सम किंवा पीओपीचं सपाट सीलिंग करून घेऊ नका. दिसायला छान, पण आवाजाच्या दृष्टीने दुसरा स्लॅबच. पुढे कधी रंगारी आला तर मिनरल टाइलला जाड रंगाचा हात मारू देऊ नका, छिद्रं बुजली की ती बाद. बाजारात पॉलिस्टर फेल्टची ९ मिलिमीटरची रंगीत पाटं ‘अकूस्टिक पॅनल’ म्हणून मिळतात. भिंतीला सरळ चिकटवली तर एनआरसी ०.३-०.४ च्या पुढे फारसा जात नाही. मागे दोन इंची पट्टी मारून पोकळी ठेवली तरच पैसे वसूल. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू का, असं विचारलं नाहीत ते बरं केलंत. कार्पेटही नको, बोलण्यावर त्याचा परिणाम थोडा, आणि जुलैत कुबट वास येतो. खुर्च्यांची खडखड थांबवायची तर चाकं मऊ पीयूची घाला.

टेबलांमधल्या स्क्रीन छतानंतर करा, आधी नाही. बसलेल्या माणसाचं तोंड आणि कान जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर असतात. बाजारातल्या वर्कस्टेशनच्या स्क्रीन बहुधा तेवढ्याच उंच किंवा बुटक्या, म्हणजे मधून दिसत नाही पण शब्द वरून सरळ जातो. साडेचार फूट तरी हवी, वरचा भाग काचेचा नको, खालून फट नको. पण छत टणक असेल तर ही स्क्रीनही फुकट, आवाज स्लॅबला लागून पलीकडे उतरतो.

साहेबांच्या केबिनचं जरा स्पष्ट बोलायला हवं, कारण नव्या मांडणीत डिझाइनची मुलं नेमकी तिच्याशेजारी येतात. अशा केबिनची काच बहुधा ८ फुटांवर थांबलेली असते आणि वर अडीच फूट मोकळं, एकाच एसीत भागावं म्हणून. तुमचीही तशीच असेल तर हिशोब ऐका. १२ मिलिमीटरची काच एकटी ३५ डेसिबलच्या आसपास अडवते. साडेदहा फुटांपैकी अडीच फूट उघडं म्हणजे चोवीस टक्के भोक, आणि मग अख्खी केबिन मिळून अडवते अवघे ६ डेसिबल. भोक एक टक्का उरलं तरी वीसच्या वर जाता येत नाही. म्हणून वरचा भाग स्लॅबपर्यंत बंद करा : दोन्ही अंगांनी १२.५ मिलिमीटरचं जिप्सम, मध्ये ५० मिलिमीटर रॉकवूल, आणि स्लॅबला जिथे टेकतं तिथे ॲक्रिलिक सीलंट. दाराच्या कडेला रबरी गॅस्केट, खाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी. काचेच्या दाराला खाली ड्रॉप सील बसत नसेल तर ते दार बदलून ३५ मिलिमीटरचं सॉलिड फ्लश डोअर लावा. मग केबिनला स्वतंत्र हवा आणि एसी द्यावा लागेल, तो खर्च आधी धरा. नाहीतर साहेब दार उघडं टाकून बसतील आणि सगळं मुसळ केरात.

जागा आणि पैसे उरले तर पाठपुराव्याजवळ एक फोनची खोली करा, आतून ४ बाय ४ फूट. पाच मिनिटांपेक्षा लांबणारं बोलणं तिथे. भिंत वर सांगितली तीच, आत दोन भिंतींना तशाच चौकटी. या खोल्या फसतात त्या हवेमुळे. ४ इंची एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि हवेची वाट आत-बाहेर दोन वळणं घेणारी, आतून फेल्ट लावलेली असावी. सरळ भोक पाडलंत तर आवाजही सरळ बाहेर येतो. फॅन नसेल तर दहा मिनिटांत घाम फुटतो, लोक दार उघडं ठेवून बोलतात, आणि महिन्याभरात तिथे खोकी रचलेली दिसतात.

आता डबल काच. राजारामपुरीच्या रस्त्याचा आवाज तुमचा शत्रू वाटतो, पण हॉर्न सोडला तर तो दिवसभर शब्दांवर पांघरूण घालत असतो. खिडक्या सील केल्या आणि हॉल शांत झाला की तोच फोन शेवटच्या टेबलापर्यंत आणखी स्वच्छ ऐकू येईल. म्हणून खिडकीचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त पाठपुराव्याच्या माणसांना फोन ऐकायला त्रास होत असेल तर. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधले झिजलेले ब्रश बदलले तरी पुष्कळ फरक पडतो. काच बदलण्याआधी ते करून बघा.

याच कारणाने डिझाइनच्या टोकाला पुढे एखादा सपाट ‘झऱ्यासारखा’ आवाज सोडता येईल, ४० ते ४५ डेसिबलच्या मधला, उंच पट्टीत उतरत जाणारा. चार लहान स्पीकर छताकडे तोंड करून, सगळीकडे सारखा ऐकू येईल असा. सुरुवात अगदी हळू, आणि दोन-तीन दिवसांनी एकेक डेसिबल वाढवत. एकदम वाढवला की लोक पहिल्याच दिवशी बंद करायला लावतात, आणि ४८ च्या वर गेला तर तोच नवा गोंगाट. कोपऱ्यात एक ब्लूटूथ स्पीकर ठेवून हे होत नाही. एफएमवरची गाणी तर मुळीच नकोत, गाण्यालाही शब्द असतात. सकाळची भक्तिगीतं उदबत्ती विझेपर्यंत चालू द्या, मग बंद. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनबद्दल मुलांचा एक गैरसमज असतो : ते एसीची घरघर उत्तम काढतात, बोलणं तितकं काढत नाहीत. घरघर गेल्यावर शेजारचं बोलणं उलट उठून दिसतं. ते घालायचे तर आत तोच झऱ्याचा आवाज लावून.

साहेबांचा मोकळ्या हॉलचा आग्रह मोडायची गरज नाही, वर सांगितलेल्यात एकही भिंत हॉल कापत नाही. ‘मोकळं असलं की माणसं एकमेकांशी बोलतात’ असं ते म्हणत असतील तर त्यांना बर्नस्टीन आणि टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास सांगा. दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढून मोकळी मांडणी केली, तेव्हा अंगावर लावलेल्या सेन्सरने मोजलेलं समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. दोनच कंपन्या आहेत, त्यावरून कोल्हापूरचा निकाल लावू नये. पण तुमच्याकडची डिझाइनची मुलं हेडफोन घालून बसत असतील, तर ती साहेबांनी मोजली असतीलच.

पैशांचा क्रम असा : टेबलं आणि कूलर या आठवड्यात, जवळजवळ फुकट. हेडसेट पुढच्या महिन्यात. शब्दांची चाचणी पुन्हा करा. मग छत, त्यानंतर पुन्हा चाचणी, मग केबिन. कोटेशन चौरस फुटावर, फिटिंग आणि अँकरसह घ्या, आणि मालाचा एनआरसी, घनता आणि आगीचा वर्ग त्यात लिहून मागा. हे तीन आकडे लिहून न देणाऱ्याकडून माल घेऊ नका.

गणपतीचं विचारलंत. डॉल्बीच्या खालच्या पट्टीचा दणका आम्ही सांगितलेल्या कशानेही अडणार नाही, डबल काचेनेही फार नाही. त्यासाठी वजनदार भिंती लागतात. मिरवणुकीच्या दिवशी डिझाइनला घरून काम द्या, किंवा सकाळी सातला बोलावून दुपारी सोडा. ड्रॉइंगचं मोठं रिलीज त्या आठवड्यात ठेवू नका, आणि हे वेळापत्रक गिऱ्हाइकाला जुलैतच कळवा.